पितराच्या पानावर

नाशिकहून जव्हारची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत एक वाटी. आमटीची नव्हे, त्याहून लहान, कोशिंबिरीची, आईचं नाव कोरलेली. गेली पाच वर्षं मी जाते तिथे ही वाटी येते. तिच्यात मावेल तेवढं माझं जेवण. लग्न असो, बारसं असो, मी वाटी काढते, चार घास खाते आणि आग्रह करणारीला हात जोडून सांगते, "माझं झालंय." त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पाच वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, उरली केळ्याएवढी नळी. पहिली दोन वर्षं मजेत गेली. भूक नावाची गोष्टच राहिली नाही. मोबाइलवर गजर लावून जेवायचे. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, गुडघे चालायला लागले, ब्लाउज आत घेऊन घेऊन शिंपीण वैतागली. आणि मग काटा पुन्हा चढायला लागला. हळूहळू, पण चढतच राहिला.

वाटी तर तीच होती. वाटीबाहेर मी काही खात नव्हते, म्हणजे मला तसं वाटत होतं. पण घरातले डबे रिकामे व्हायला लागले. भाजलेले दाणे, शेव, खारी. घरात माणसं दोनच, मी आणि माझे यजमान श्रीकांत, आणि त्यांना दाण्यांनी पित्त होतं. "उंदीर शिकलेला दिसतो," ते म्हणाले, "झाकण परत लावून जातो." मी हसले. पण एकदा भर दुपारी ओट्याशी उभी असताना लक्षात आलं, माझा जबडा हलतोय आणि तोंडात काय आहे ते मला माहीत नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

डॉक्टर म्हणाले, पोट ताणलं गेलं असेल. सोमवारी या, पांढरं औषध पाजून एक्स-रे काढू. ताणलं असेल तर पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागेल. पुन्हा त्या टेबलावर मला जायचं नव्हतं. सोमवार लांब होता आणि घरात डबे होते. म्हणून मी निघाले. "पितृपक्षात फिरायला?" श्रीकांतनी विचारलं. "धबधबे पितृपक्षातही पडतात," मी म्हटलं.

त्र्यंबक मागे पडलं आणि रस्ता ढगात शिरला. मधूनच ढग फाटायचा आणि उतारावरची नागली (नाचणी) दिसायची, खाली खाचरांत पोटऱ्यात आलेला भात, मग पुन्हा सगळं पांढरं. रस्त्याकडेला पाणी कोसळल्याचा आवाज येई, पण पाणी दिसत नसे. मोखाड्याला निम्मी गाडी उतरली. जव्हारला पोचलो तर धुकं डेपोत शिरलेलं, दुकानांत शिरलेलं. किराणावाल्यानं भर दिवसा दिवे लावले होते. गाव मोठं छान आहे, पठारावर ऐसपैस पसरलेलं. त्या दिवशी मला त्यातलं समोरच्या चार पावलांएवढंच दिसलं.

डेपोजवळच्या हॉटेलात बसले. इडली मागवली, दोन आल्या. अर्धी वाटीत घेतली, तेवढ्यात श्रीकांतचा फोन आला. पाऊस आहे का, लॉज बरा आहे का, नेहमीचं बोलणं. फोन ठेवला आणि बघते तर प्लेट रिकामी. वाढपी पलीकडे फडका मारत होता.

"माझ्या इडल्या उचलल्यात का तुम्ही?"

"नाही ताई. प्लेट तुमच्या पुढ्यातच आहे की."

"मग इडल्या कुठे गेल्या?"

त्यानं फडका खांद्यावर टाकला. "खाल्ल्यात ना तुम्ही. चटणी दोनदा मागितलीत."

वाटीत बघितलं. वाटीतली अर्धी इडली तशीच होती.

दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला, सकाळी जीपनं मोखाड्याकडे निघाले. एका पाड्यापुढे धबधबा आहे असं लॉजवाल्यानं सांगितलं होतं. फाट्यावरून आत थोडं गेल्यावर जीप थांबली. पुढची ओढ्यावरची मोरी खचलेली. "आथां पुढं गाडी नाय जात," ड्रायव्हर म्हणाला, "पायवाट धरा, पाण्याचे आवाजावर जा." मी पाण्याच्या आवाजावर चालायला लागले. जीपमधून उतरलेल्या बाकीच्या बाया दुसऱ्या वाटेनं गेल्या. दोन मिनिटांत त्यांचं बोलणंही ऐकू येईना. आवाज आधी डावीकडे होता, मग उजवीकडे, मग सगळीकडून यायला लागला. बांधाबांधानं चालले होते. धुक्यात पुढे कुणीतरी उभं होतं, माझ्याकडे तोंड करून.

चाळिशीची बाई होती. अंगावर काष्ट्याचं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या.

"आल्या! या बाई, या."

"मी? अहो, मी धबधबा बघायला आलेय."

"धबधबा कठं जातो? आधी घरी चला. सकाळधरनं वाट बघते."

माझ्या अंगावर काटा आला. चालता चालता तिनंच सगळं सांगितलं तेव्हा जिवात जीव आला. तिचं नाव वनिता. तिच्या घरी आज पितर जेवणार होते. त्यांच्याकडे पितराचं पान नुसतं कावळ्याला ठेवत नाहीत. मेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस बसवतात आणि त्याला जेवू घालतात. पुरुषाच्या जागी पुरुष, बाईच्या जागी बाई, आणि रक्ताच्या नात्यातलं कुणी चालत नाही. दरवर्षी बसणारी डोसी (म्हातारी) औंदा लेकीकडे भिवंडीला गेली होती.

"बसणारी नाय आली, तं वाटेनं जी पयली बाई येल तिला बसवायची," वनिता म्हणाली. "तुमीच आल्या."

"कुणाच्या जागी बसायचं?"

"सासऱ्याची आयस (आई). लई वरसां झाली मरून."

मी तिथल्या तिथे थांबले आणि तिला पोटाचं सगळं सांगितलं. वाटी काढून दाखवली. पान पूर्ण संपवायचं असतं हे तिनं सांगितलंच होतं. मी म्हटलं, मी एवढंच खाऊ शकते, तुमचं पितर उपाशी राहील, दुसरी कुणी बघा. तिनं वाटी हातात घेऊन आत बघितलं. मग म्हणाली, "सासऱ्याला इचारू."

सासरे देवजी ओटीवर बसले होते. खूप म्हातारे, पण ताठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मंग घास घास जेव म्हनावं," ते वनितेला म्हणाले. "आमी बसू. ती कवा निवांत जेवली?"

मला दारात बसवलं, बाहेर तोंड करून. वनितेनं दोन गोष्टी सांगितल्या. हात धुवेपर्यंत माझं नाव कुणी विचारणार नाही आणि मीही सांगायचं नाही. आणि तोवर मी देवजींची आयस. पुढ्यात सागाची दोन मोठी पानं, त्यावर लाल तांदळाचा भात, उडदाची आमटी, चवळीच्या शेंगांची भाजी, वडे, नागलीची भाकर आणि पानगे (काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवायची आणि पानात उकडायची). माझं तीन दिवसांचं जेवण होतं ते. मी सवयीनं वाटी शेजारी ठेवली. वनितेनं ती उचलून कोनाड्यात ठेवली.

"पितराचं पान मापानं वाढत नाय," ती म्हणाली.

मी खायला लागले. एकेक घास बारीक चावून, मध्ये थांबून. कुणी घाई केली नाही, कुणी आग्रहही केला नाही. देवजी समोर अंगणात उकिडवे बसून बोलत होते, माझ्याशी की आयसशी, ते कळत नव्हतं.

"पावसात कणगी खाली व्हायची. कडू कंद आनायची रानातनं, उकडायची, आमाला वाढायची. आमी इचारायचू, आये, तू? ती म्हनं, माजं झालं, तुमी खा." "चुलीकडं तोंड करून बसं. काय खाल्लं, कवा खाल्लं, कुनी बघलं नाय. एक दिस उठलीच नाय."

माझ्या पोटाची एक खूण आहे. भरलं की नाक वाहायला लागतं, मग उचकी, मग छातीत गोळा. त्याच्यापुढे एक घास गेला तरी सगळं उलटून पडतं. पाच वर्षांत ही खूण एकदाही चुकली नव्हती. मी तिची वाट बघत होते. भात निम्मा झाला, नाक कोरडं. भाकर संपली. वडे संपले. पानगे अजून कोमट होते, काकडीचा हिरवा वास येत होता. तेही संपले. मला घाम फुटला. एवढं आत जातंय म्हणजे नळी पार सैल झाली असणार, सोमवारी डॉक्टर काय सांगणार ते मला तिथेच कळलं. आणि तरी हात थांबत नव्हता. खरं सांगते, जेवण इतकं चांगलं लागत होतं की मला रडू येत होतं.

पान स्वच्छ झालं. देवजींनी पुढे वाकून विचारलं, "आये, आनखी वाढू?"

"नको" म्हणायला मी तोंड उघडलं.

"वाढ," मी म्हणाले.

परक्या म्हाताऱ्या माणसाला मी आयुष्यात कधी एकेरी बोललेले नाही. आवाज माझाच होता, पण जरा खालून आल्यासारखा. मग देवजी स्वतः उठले, त्यांनी भात वाढला, वर आमटी घातली, आणि मी तोही खाल्ला. मग आतून कुणीतरी पुरे म्हणाल्यासारखं झालं आणि हात आपोआप थांबला.

वनितेनं तांब्यानं हातावर पाणी घातलं. "आथां नाव सांगा तुमचं."

"सुनंदा."

"बसा सुनंदाताई. चा ठेवते." इतकं साधं होतं ते. देवजी मात्र खांबाला टेकून रडत होते, अगदी उघडपणे. "आजवर तिनं कदी मागलं नव्हतं," ते म्हणाले.

निघताना वनितेनं कोनाड्यातली वाटी आणून दिली. धुकं निवळलं होतं. बांधावरून धबधबा समोरच दिसला, मी मघाशी त्याच्याकडे पाठ करून चालत होते. जव्हारची गाडी, मग नाशिकची गाडी, सगळ्या वाटेत मी पिशवी छातीशी धरून उलटीची वाट बघत बसले. एवढं खाल्ल्यावर छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. काहीही झालं नाही. पोट हलकं होतं. नाशिक जवळ आलं तेव्हा तर मला चक्क भूक लागली, आणि त्याची जास्त भीती वाटली.

सोमवारी एक्स-रे झाला. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. पांढरी, बारीक, केळ्याएवढी नळी. "आहे तशीच आहे," ते म्हणाले. "अजिबात ताणलेली नाही." दोन पानं भरून जेवले ते मी त्यांना सांगितलं. ते हसले. "ताई, ह्यात तेवढं मावणं शक्य नाही. वाटलं असेल तुम्हाला." मग म्हणाले, पोटाचा दोष नाही, दिवसभर नकळत तोंडात जातंय, तेच वजन वाढवतंय. ऑपरेशन टळलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडले. श्रीकांतना वाटलं आनंदानं.

ते जेवण कुठे गेलं याचा विचार मी करत नाही, म्हणजे करायचा नाही असं ठरवलंय. पण ती चुलीकडे तोंड करून बसलेली बाई मनातून जात नाही. "माझं झालंय" हे पाच वर्षं मीही सांगत आलेय. भुकेला मी पान वाढलंच नाही कधी. ती ओट्याशी उभ्यानं खात राहिली, माझी पाठ असताना.

आता मी दारात बसते. वाटी तीच, डॉक्टरांनी सांगितलेलं माप तेच, पण खाली पान मांडते आणि त्यावर वाटी ठेवते. श्रीकांत समोर पेपर घेऊन बसतात, घाई करत नाहीत. वाटी रिकामी झाली की मी हळूच विचारते, "आणखी वाढू?" सुरुवातीला ते दचकायचे. बहुतेक दिवस उत्तर येत नाही आणि मी हात धुते. काल मात्र आतून स्पष्ट "वाढ" आलं. मी दोन घास जास्त घेतले, बसून, चावून. नाक वाहायला लागलं आणि मी थांबले.

काट्यावरचा आकडा अजून उतरलेला नाही, पण थांबलाय. दाण्यांचा डबा परवा भरला होता. आज उघडून बघितला. काठोकाठ आहे.