अडून राहिलेलं आमेन

आमच्या घरातला कुठलाही मोठा निर्णय संध्याकाळच्या प्रार्थनेत व्हायचा. ही रीत आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी घालून दिलेली. ते निपाणीत तंबाखूच्या एका वखारीवर राखणदार होते. सात वाजता चटई अंथरली जायची. आप्पा डोळे मिटून देवापुढे विषय मांडायचे, आपल्याला काय वाटतं ते सांगायचे आणि गप्प व्हायचे. मग आई, मी आणि माझा धाकटा भाऊ, ज्याला जेव्हा मनापासून वाटेल तेव्हा आमेन म्हणायचं. सगळ्यांनी म्हटलं की गोष्ट ठरली. एकाचंही आमेन अडलं तर ती दुसऱ्या दिवसावर.

"कुणाला तरी अजून ऐकू यायचं हाय," एवढंच आप्पा म्हणायचे आणि जेवायला बसायचे. कुणाचं अडलं, का अडलं, हे विचारायला बंदी होती.

मी सहा वर्षांची असताना मला कन्नड शाळेत घालावं असं त्यांच्या मनात आलं. कर्नाटकात राहायचं तर पुढं नोकरीला तीच भाषा लागणार, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण माझी मैत्रीण मराठी शाळेत जाणार होती. मी आठ संध्याकाळी तोंड घट्ट मिटून बसले. नवव्या दिवशी आप्पांनी प्रार्थनाच बदलली आणि मला मराठी शाळेत घालण्याबद्दल मांडलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी आमेन म्हणून मोकळी झाले. सगळे हसले.

मला वाईट खोड लागली ती तिथंच. आपण हट्टाला पेटलो की देव दमतो आणि आपल्या बाजूला येतो, असा माझा पक्का समज झाला. पुढं त्याच मराठी शाळेत मी शिक्षिका झाले, लग्न केलं नाही, आप्पा गेले, केस पांढरे झाले. समज तसाच राहिला.

आईच्या किडन्या निकामी झाल्या त्या तिच्या सत्तराव्या वर्षी. निपाणीत डायलिसिसला जागा मिळेना, म्हणून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, तिला घेऊन बेळगावला जावं लागे. भावाचं गॅरेज, त्यामुळे बहुतेक वेळा मीच जायची. पहाटेची बस, चार तास मशीन, पुन्हा बस. जाताना ती गप्प असायची. येताना तवंदीच्या घाटात तिला हमखास उलटी व्हायची. मी पिशवी धरायची, ती तोंड पुसून म्हणायची, "तुझ्या साडीवर न्हाय न्हवं उडालं?"

दीड वर्ष असं गेलं. पाणी मोजून द्यायचं, दिवसाला किती वाट्या ते ठरलेलं. केळं बंद, शहाळं बंद. आई आयुष्यभर विड्या वळत आलेली बाई, एका जागी बसून राहायची सवय असलेली. पण मशीनला लावलेल्या हाताकडे ती बघायची नाही. सुई टोचताना मान दुसरीकडे वळवायची, आणि तिचे ओठ हलत असायचे.

एका संध्याकाळी भाऊही घरी होता. चटईवर आई म्हणाली, "आज मी मांडते." आणि डोळे मिटून, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात तिनं प्रार्थना केली. देवा, लई दिलंस. आता माझं शरीर दमलं. हे बेळगावचं जाणं बंद करून घरात तुझी वाट बघावी असं मला वाटतंय. तू काय म्हणतोस ते आम्हा तिघांना बी सांग. मग ती थांबली.

भाऊ रडायला लागला. बऱ्याच वेळानं त्याचं आमेन आलं.

माझं आलं नाही.

आईनं डोळे उघडले, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाला तरी ऐकू यायचं हाय अजून," आणि भावाच्या हाताला धरून उठली. शनिवारी आम्ही पुन्हा बसमध्ये होतो.

त्यानंतर रोज ती तेच मांडायची आणि रोज मी गप्प बसायची. मी देवाचं मार्गदर्शन मागत नव्हते असं नाही. उपास केले. शाळेतून येताना चर्चमध्ये एकटी बसायची. तिथं उपासप्रार्थनेला जमणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं, आईसाठी मागा. पण काय मागा तेही मीच सांगितलं होतं: बरं कर, आणि तिच्या मनातला तो विचार काढ. देवापुढे मी प्रश्न ठेवत नव्हते, सही करायला कागद ठेवत होते. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा मात्र मी स्वतःला मोठी विश्वासू समजत होते. भावाला तर मी तोंडावर म्हणाले होते, तू लवकर हार मानलीस.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडेही गेले. त्यांनी आईला समजवावं एवढीच माझी अपेक्षा. ते वयानं लहान, माझ्याच एका विद्यार्थ्यासारखे दिसणारे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मी येतो, पण समजवायला न्हाय. त्यांच्याजवळ बसायला येतो." मी रागानं चहा अर्धा ठेवून निघून आले.

असे चार महिने गेले.

मग एका शनिवारी आईला मशीनवर घेतलं होतं आणि मी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेले होते. परत आले तर पडद्यापलीकडून आईचा आवाज. शेजारच्या खाटेवर चिकोडीकडच्या एक जैन बाई असायच्या, शेतकरी घरातल्या, आईपेक्षा थोड्या लहान. दोघींचं कन्नडमिश्रित मराठीत चालायचं. त्या विचारत होत्या, "आक्का, तुम्हाला नको झालंय म्हणता, मग येता कशाला एवढ्या लांबनं?"

आई म्हणाली, "माझ्यासाठी न्हाय येत मी. माझं ठरलंय. लेकीला अजून ऐकू यायचं हाय. तिला टाकून कशी जाऊ? ती जन्मभर म्हणंल, आई माझ्यासाठी थांबली न्हाय. म्हणून येते. येईल तिला बी ऐकू."

मी पडद्याबाहेर उभी राहिले. मला वाटत होतं मी आईला जगवतेय. आणि तीच सुया टोचून घेत, घाटात ओकत, माझ्यासाठी थांबली होती.

चार महिने देव बोलत नाही म्हणून मी कुरकुरत होते. तो रोज सात वाजता आईच्या तोंडून बोलत होता, आणि मी चटईवर हातभर अंतरावर बसून ऐकायला नकार देत होते. त्या पडद्याशी मला एवढं स्वच्छ कळलं, की औषधांची पिशवी घेऊन मी तिथंच फरशीवर बसले. नर्सनं विचारलं, चक्कर आली का. मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी आईनं नेहमीचंच मांडलं. शब्दही तेच. भावाचं आमेन झालं. मग मी आमेन म्हटलं. तो आवाज मला माझा वाटलाच नाही. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "पेलाभर पाणी दे गं. मोजू नगंस."

ती पाणी प्यायली. माठातलं, गार, थांबत थांबत, सगळं. इतकं सुख मी तिच्या तोंडावर जवळजवळ दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

अकरा दिवस मिळाले. पाळकसाहेब येऊन बसून गेले, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देऊन गेले. आईनं एक शहाळं मागितलं, दोन घोट घेऊन बाकीचं मला दिलं. पाय सुजले, मग तोंड. नवव्या दिवसानंतर ती फारसं बोलली नाही.

अकराव्या दिवशी सकाळी तिला धाप लागली. गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं औषध दिलं, पण श्वास वर वर जाऊ लागला. भावाचा धीर सुटला आणि त्यानं अँब्युलन्सला फोन केला. गाडी बोळाच्या तोंडाशी आली. स्ट्रेचर दारात आलं. त्या माणसानं विचारलं, "बेळगावला घ्यायचं न्हवं?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. "आक्का, तू सांग. मला कळंना झालंय."

मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे अर्धे मिटलेले, त्यात काही वाचता येत नव्हतं. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली. काही ऐकू आलं नाही. जे सांगायचं ते तो आधीच सांगून चुकला होता. आईचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "नको."

स्ट्रेचर परत गेलं. आई दुपारच्या आत गेली.

त्या 'नको'बद्दल मी देवाकडे क्षमा मागत नाही. मागते ती त्या चार महिन्यांबद्दल. देवानं ती केली आहे, यावर माझा विश्वास आहे. पण ती आईकडे मागायची होती. अकरा दिवस हातात होते, ती शुद्धीवर होती, मी उशाशी होते. आणि मी नुसती पाणी देत राहिले.