जिलानीमामूंची साखर

जिलानीमामूंची उभी हयात अहमदपूरकडे विहिरी खोदण्यात गेली. तिकडे पाणी लागलं की मामू खालून ओरडायचे, वरचा जोडीदार नरसिंग हातातलं सगळं बंद करून साखर आणायला पळायचा आणि पहिली चिमूट मामूंच्या तोंडात पडायची. त्या चिमटीसाठी माणूस वेडा होता.

पुढे दोघंही नांदेडात गटाराच्या पाइपलाइनवर लागले. रस्ता न फोडता यंत्र मागून सिमेंटचे पाइप जमिनीखाली आडवे ढकलायचं, मामू पाइपाच्या तोंडाशी बसून माती ओढायचे. गोदाकाठची ती वाळू म्हणजे भलतंच प्रकरण. कोरडी असली तर गरीब, पाणी मिळालं की खिरीसारखी वाहणार, मग वरचा रस्ता खाली बसणार. म्हणून बाजूच्या बोअरमधून नरसिंग पंपानं सारखं पाणी उपसायचा. पंप कधीच बंद करायचा नाही, असं इंजिनिअर पूनम मॅडमनी दहादा बजावलं होतं.

त्यात पाइप जायचा मामूंच्याच गल्लीखालून, आणि वर त्यांच्या जिक्राच्या लग्नाचा मांडव घातलेला, स्टेजसकट. रस्ता बोटभरही खचू देणार नाही, असा शब्द मामूंनी लेकीला दिला होता. जिक्राची काळजी वेगळीच होती. नवरदेव मुज्तबा नरसिंगएवढा उंच, ही जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी. फोटोत कसं दिसणार?

लग्नाच्या आदल्या दिवशी पाण्याची एक धार फस्सकन मामूंच्या तोंडावर आली. झालं! जन्माची सवय उसळून आली आणि मामू आनंदानं ओरडले, "नरसिंग्या, पाणी लागलं!" वर नरसिंगनं इमानेइतबारे पंप बंद केला आणि चहाच्या टपरीकडे धूम ठोकली.

वाळू मांडीवर घरंगळू लागली तेव्हा कुठे मामूंचं डोकं ठिकाणावर आलं. ते रांगत, बोंबलत बाहेर पडले. मॅडमनी पंप सुरू करवला, पाइपाच्या तोंडात पोती ठासली, पोकळीत सिमेंट भरून जमीन पक्की केली. तोवर रस्ता वीतभर बसला होता, आणि स्टेज नेमकं नवरदेवाच्या बाजूला कललं होतं.

मामूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ताच्या आत्ता मुरूम टाकून सारखं करतो, असं ते पुटपुटले. जिक्रा स्टेजवर चढली. नरसिंगकाकाला तिनं खालच्या अंगाला उभं केलं, आपण वरच्या अंगाला उभी राहिली आणि शेजारी बघितलं. तिचं डोकं थेट त्याच्या कानाला लागत होतं.

"अब्बा, मुरूम नका टाकू," ती म्हणाली. "फोटो होऊ द्या आधी."

नरसिंगच्या मुठीत ती साखर अजून तशीच होती, घामानं चिकट झालेली. त्यानं ती सगळीच्या सगळी मामूंच्या तोंडात कोंबली, आणि हसता हसता मामूंना जोराचा ठसका लागला.