एक जूनची मुलं

दसऱ्यानंतरचा सोमवार. सकाळी अकराची मीटिंग. सावेडीतल्या आमच्या ऑफिसातली लांब टेबलाची खोली. हजर होते संस्थेच्या अध्यक्षा मॅडम, दोन विश्वस्त, पुण्याहून आलेले सल्लागार, टिपणं घेणाऱ्या शिंदेबाई आणि शेवटच्या खुर्चीत मी.

सल्लागारांनी भिंतीवर आमच्या मुलांची नावं दाखवली. नावापुढे जन्मतारीख. एक जून. एक जून. एक जून. ते खाली खाली सरकवत गेले, एक जून काही संपेना.

"बघितलंत मॅडम? अख्खा तालुका एकाच दिवशी जन्मलाय. बोगस नावं आहेत ही."

मी म्हणालो, "बोगस नाहीत सर. घरी जन्माची नोंद नसते. शाळेत नाव घालताना सहा वर्षं पुरी दाखवायची असतात, शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून गुरुजी एक जून लिहून टाकतात."

मॅडम माझ्याकडे वळल्या. रागाने नाही. सहलीला गेल्यावर माणूस जसं नवल बघतो, तशा.

"म्हणजे तुमच्याकडे आईला आपलं मूल कधी झालं तेही सांगता येत नाही?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच पुढे विचारलं,

"तुमची स्वतःची तारीख काय हो?"

खोटं सांगायचं कारण नव्हतं. "एक जून," मी म्हणालो.

सल्लागारांनी टाळी वाजवली. "घ्या! आपले सीनियर डेटा इंजिनिअरच डुप्लिकेट निघाले!"

खोली हसली. सगळी नाही, ते नीट सांगतो. शिंदेबाई हसल्या नाहीत, त्या मान खाली घालून लिहीत राहिल्या. बाकी चौघे हसले. मॅडमनी तर डोळे पुसले. मग म्हणाल्या, "गंमत केली हो. चहा घ्या."

माझ्या आईला मी कधी झालो ते पक्कं माहीत आहे. बाजरीची कणसं खळ्यावर आली होती. बाजाराचा दिवस होता. वडील बाजारातून परत यायच्या आत मी झालो होतो. तिला पक्ष, वार, वेळ सगळं सांगता येतं. पण आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे. शाळेत गुरुजींनी तिला पायरीच्या खालीच उभं केलं होतं. तिला कुणी काही विचारलं नाही. मला म्हणाले, "उजवा हात डोक्यावरून घाल आणि डावा कान धर." माझी बोटं कानाला लागली, म्हणजे सहा वर्षं पुरी. गुरुजींनी एक जून लिहिला आणि पुढच्या पोराला हाक मारली.

हे त्या टेबलावर सांगायचं होतं. मी चहा घेतला.

माझं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमची संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवते. आई-बाप कारखान्याच्या तळावर जातात, मूल गावाकडे राहून शाळा शिकतं. आमच्या ताया वस्त्यांवर फिरून मोबाईलमध्ये मुलांची माहिती भरतात. ती गोळा करायची, तपासायची आणि वसतिगृहाला द्यायची, ही माझी नोकरी. मोबाईलमध्ये नाव असलं तर मुलाला गादी, ताट, शाळा. नाव नसलं तर काही नाही.

एकच मूल कधीकधी दोनदा भरलं जातं. खरी गोष्ट आहे. त्यावर सल्लागारांनी त्याच मीटिंगमध्ये उपाय काढला. नाव, आडनाव, वस्ती आणि जन्मतारीख सारखी असेल तर ते एकच मूल धरायचं. दुसरं आपोआप मिटवायचं.

"आणि वडिलांचं नाव?" मी विचारलं.

"ते घाण आहे," सल्लागार म्हणाले. "कुठे भाऊ, कुठे भाऊसाहेब, कुठे नुसतं इंग्रजी बी. एकाही तऱ्हेने जुळत नाही. काढून टाकलं."

मी सांगितलं, एका वस्तीवर एकच भावकी असते. आडनाव एकच. एका इयत्तेतल्या मुलांची तारीख गुरुजींनी दिलेली, तीही सालासकट एकच. पोरींची नावंही त्याच त्याच पाच-सहा. मग एका पोरीपासून दुसरी वेगळी करायला बापाच्या नावाशिवाय उरतं काय? आधी तायांना दारोदार पाठवू, मग मिटवू.

"शुक्रवारी देणगीदारांना अहवाल जायचाय," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही हे मनाला लावून घेऊ नका."

सल्लागारांच्या माणसांनी त्याच दुपारी तो नियम चालवला. अहवाल जाईपर्यंत आणि गेल्यावरही मॅडमच्या लेखी परवानगीशिवाय आकड्याला कुणी हात लावायचा नाही, असा मेल आला. मेलमध्ये "आकडा आता स्वच्छ झाला" असंही होतं.

पुढच्या आठवड्यात मंगलताईंचा फोन. त्या पाथर्डीकडच्या आमच्या ताई.

"सर, कोमलला वसतिगृहात घेईनात."

"कोणती कोमल?"

"त्येच तर सांगते ना! कोमल दोन हाईत. एकाच भावकीतल्या, एकाच वर्गातल्या. मोबाईलमधी आता एकच दिसती. एकीला घेतलं आन् दुसरी दारात पेटी घिऊन उभी हाय. वार्डन म्हनतो, ही आधीच आत हाय. आवो, आत हाय तर भाईर कोन उभी हाय?"

"आई-बाप?"

"टोळीची गाडी उद्या पहाटं निघतीय. काय करायचं ते आज करा, सर."

मी परवानगीसाठी मेल केला. उत्तर नाही. मग मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या भावना मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही जरा तुमच्या लोकांकडे ओढता. एक-दोन मुलं इकडेतिकडे व्हायचीच. पुढच्या तिमाहीत बघू."

तुमच्या लोकांकडे. अकरा वर्षं मी त्या संस्थेत आहे. अकरा वर्षांत एक आकडा वाकडा दिला नाही. तरी शेवटी मी कुणाचा, हे त्यांना पाठ होतं.

गाडी पहाटे गेली. कोमल गाडीत होती.

रविवारी मी तिला बघायला गेलो. पुणतांब्याच्या बाजूला रस्त्याकडेला तळ पडला होता. पाचटाच्या कोप्या, बैल, चुलींचा धूर. कोमल उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे वरच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधत होती. कडेला धाकटा भाऊ झोपला होता, त्याच्यावरच्या माश्या हाकत होती आणि मोळी बांधत होती. मी नाव विचारलं. तिने आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, शाळा, इयत्ता, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. पाहुणे आले की शाळेत म्हणायला लावतात, तसं.

तिची आई कोपीतून बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का मशीनवालं? तुमच्या मशीनीला आमची पोरगी दिसना व्हय? धा वर्साची घोडी हाय. चांगली ढळढळीत दिसती की!"

"आगं, साहेबाला आसं बोलत्यात का," बाप म्हणाला. त्याने मला बसायला पोतं अंथरलं. स्वतः उभाच राहिला. जरा वेळ कोयत्याची मूठ चोळत राहिला. मग माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला,

"सर, तिचं नाव बदलू का?"

मला कळलं नाही.

"कोमलचं काजल करतो. म्हंजे मशीनीला दुसरी दिसंल. पुढच्या साली तरी घेत्याल ना?"

तो माझी चेष्टा करत नव्हता. विनंती करत होता. हात जोडलेले होते. पोरीचं नाव काढून ठेवायला तयार होता, पायातली चप्पल देवळाबाहेर काढतात तसं. आणि हात कुणापुढे जोडले होते, तर माझ्यापुढे. भिंतीवर एक जून बघून हसलेल्या लोकांचा नियम माझ्या तोंडून आला, असं त्याला वाटत होतं. चूक नव्हती त्याची. वस्तीवर जाणारं संस्थेचं प्रत्येक पत्र माझ्या सहीनं जातं.

"नाव बदलायचं नाही," मी म्हणालो. आवाज चढला माझा. कोमल मोळी सोडून बघायला लागली. "तिच्या नावात काही चूक नाही. चूक आमच्यात आहे."

"मग दुरुस्त करा की," आई म्हणाली. "सांगाय कशाला आला इथवर?"

बरोबर बोलली.

सोमवारी मी ऑफिसला गेलो. नियम चालवायच्या आधीची प्रत मी ठेवली होती. ते माझं कामच आहे. नियम बंद केला. मिटवलेली सगळी मुलं बापाच्या नावासकट परत जागेवर आणली. परवानगी घेतली नाही. मग सगळ्या विश्वस्तांना मेल केला. "ही मुलं मी परत घेतली आहेत. यातलं एखादं खोटं असेल तर त्याच्या दारात जाऊन या आणि मला सांगा. तोवर ती मोजली जातील." खाली माझं पूर्ण नाव.

पहिला फोन सल्लागारांचा. "अहो, देणगीदारांना आता काय सांगायचं?"

"सांगा, मोजायला चुकलो."

दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत. मी बसलो.

"तुम्हाला इथे कुणी आणलं ते विसरलात?"

"कुणी आणलं नाही मॅडम. जाहिरात आली होती. परीक्षा झाली. मी पहिला आलो."

"ही भाषा नको."

"मराठीच आहे."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. आठ दिवसांत लेखी माफी, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई. त्याच दिवशी संगणकातले माझे अधिकार काढले. आता मला आकडे नुसते बघता येतात, बदलता येत नाहीत. वसतिगृहाने कळवलं, मुलं परत नोंदली गेली असली तरी जागा भरल्या आहेत. हंगाम संपेपर्यंत नवीन प्रवेश नाही.

रात्री बायको म्हणाली, "घराचा हप्ता अजून सहा वर्षं आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको."

नको होतं. मला पाठ आहे.

"चार ओळी तर आहेत," ती म्हणाली. "लिहून टाका."

"काय लिहू? चुकलो म्हणून? कुठे चुकलो?"

तिने मॅडमचा तो कागद वाचून बघितला. मग म्हणाली, "मलाही सापडत नाही," आणि ताटं वाढायला उठली.

आठ दिवस झाले. माफी लिहिली नाही. राजीनामाही देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, कागदावर काढावं आणि कारण लिहून काढावं. गंमत केली म्हणून सुटता येणार नाही. मीही आता चहा घेऊन उठणार नाही.

कोमल तळावर आहे. तिचं हे वर्ष गेलं. ते मला आणून देता येत नाही आणि येतं असं कुणाला सांगणारही नाही. पुढच्या दसऱ्याला गाड्या भरायच्या आधी मी मंगलताईंबरोबर त्या वस्तीवर जाणार. एकेका दाराशी. नोकरीत असलो तर संस्थेच्या गाडीने. नसलो तर एसटीने.