वळलेल्या पंखांची माशी

बेरिल ट्रेगेन्झाने अ‍ॅडलेडच्या आमच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं फळमाश्या जगवल्या. दर महिन्याला जुन्या बाटलीतल्या माश्या मक्याची ताजी खळ भरलेल्या नव्या बाटलीत झटकायच्या. बाटल्या दोन हजार. खळ मी शिजवायचे. बेरिल कुणालाच सोडायची नाही. मोठ्या प्रोफेसरलाही एकदा म्हणाली, "बूच नीट लाव रे, माश्या काय तुझ्या घरी जेवायला येणारेत?"

त्यात आमच्या संशोधक इलोनाची एक जात होती. तिच्यात एक जनुक बिघडलेलं. दोन्ही प्रती बिघडल्या की अंड्यातल्या पेशी विभागायच्या थांबतच नाहीत आणि जीव जन्माआधीच मरतो. एकच प्रत बिघडलेली माशी जगते, आणि ओळखू यावी म्हणून तिला वळलेल्या पंखांची आनुवंशिक खूण जोडलेली असते. सरळ पंख दिसले की बाहेरची माशी घुसली समजून ती काढून टाकायची. हे बेरिलचं काम. ही जात जगात दुसरीकडे कुठेच नव्हती.

सोमवारी इलोनाने बाटली उजेडात धरली आणि मग बेरिलपुढे ठेवली. "सगळे सरळ आहेत गं, बेरिल. माझी आठ वर्षं!"

त्याच जातीची राखून ठेवलेली जोडीची बाटलीही तशीच निघाली.

बेरिल तीन दिवस सूक्ष्मदर्शकावरून उठली नाही. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायची. एक जरी वळलेली मिळाली तरी जात वाचेल, हेच तिचं पालुपद. मला माझाच संताप येत होता. वर्षभर ती बाटल्यांवरची नावं माझ्याकडून वाचून घेत होती, आणि मी तिला डोळ्यांचं विचारायचं सोडून आळशी म्हणून चिडवत होते.

गुरुवारी ती ओरडली, "सापडली! वळलेत बघ पंख!"

इलोना धावत आली. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. माशी फिकट होती, नुकतीच कोशातून निघालेली. अशा माशीचे पंख सुरुवातीला चुरगळलेलेच असतात. हे मला बेरिलनेच शिकवलं होतं.

"बोल की गं! वळलेत ना?" बेरिलने विचारलं.

मी डोळा न काढता बघत राहिले. आम्ही तिघी तिथेच उभ्या राहिलो. तपासण्यासाठी माशीला दिलेली गुंगी उतरली, आणि थोड्या वेळाने पंख उलगडून सपाट झाले.

"सरळ आहेत, बेरिल," मी म्हणाले.

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग वर्षभर मी बघत काय होते गं?"