दलपतकाकांची शिडाची होडी

जिथे माणूस काहीच करायला जात नाही, तिथलेच किस्से जास्त साचतात. मी, भिकनदादा आणि सुनील, आम्ही तिघं सुरतेत उधन्याला कापडाच्या लूमवर आहोत. पण चहाला बसलो की बोलणं कारखान्याचं नसतं, मगदल्ल्याच्या दलपतकाकांच्या होडीचं असतं. लाकडी, लहानशी, एका शिडाची होडी. सुट्टीच्या दिवशी काका आम्हाला तापीत फिरवून आणतात.

पहिल्याच दिवशी सुनीलने घड्याळ बघत विचारलं, "काका, पलीकडे जायला किती वेळ?"

"पवन को पूछो," काका म्हणाले.

वारा नेमका मधेच पडला. शीड लोंबायला लागलं, होडी नदीच्या मधोमध हळूहळू स्वतःभोवती फिरत राहिली. डबल शिफ्ट करून आलेला सुनील फळीवर आडवा झाला, तो तासाभराने उठला.

"पोहोचलो का?"

होडी होती तिथेच होती.

"चालेल," म्हणाला आणि पुन्हा झोपला.

एकदा शीड फाटलं. आम्ही पडलो कापडवाले! ऐटीत आमच्याच लूमवरचं कापड घेऊन गेलो. काकांनी ते तोंडाशी धरून फुंकर मारली. ती पलीकडे माझ्या हाताला लागली. "भाई, ये तो साडी है."

मग जाड सुती कापड आणलं. माझी बायको घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. तिने शीड शिवलं आणि कडा उसवू नयेत म्हणून उरलेली जरीची लेस चारी बाजूंनी मारली. दुपारच्या उन्हात ते काठ नदीभर चमकले. शेजारच्या होडीतून कुणीतरी विचारलं, "काका, शादी है क्या?"

काका सुकाणूवरून शांतपणे म्हणाले, "हाँ, चालीस साल हुए."

दोर ओढून काकांचे हात दुखतात, म्हणून त्यांच्या मुलाने होडीला इंजिन बसवून दिलं. पाच मिनिटांत आम्ही पलीकडच्या काठावर. उतरलो, उभे राहिलो.

"आता काय करायचं?" सुनीलने विचारलं.

"मुझे क्या मालूम," काका म्हणाले, "इतनी जल्दी कभी आया नहीं."

येताना शीड लावलं.

भिकनदादाला कमी ऐकू येतं. पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेली. डॉक्टरांनी कानाला मशीन लावायला सांगितलं, तो लावत नाही. घरी कमलवहिनी ओरडून ओरडून बोलतात. संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसतो.

एका सुट्टीला तो वहिनींना होडीवर घेऊन आला. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, तापीच्याच काठचं. वहिनी पुढच्या टोकाला बसल्या, पाण्याकडे तोंड करून. मी त्यांच्याजवळ. दादा पार मागे, काकांपाशी. मधे भरलेलं शीड. वारा बेताचा होता, फळीला पाणी लागल्याचा आवाज तेवढा येत होता.

मग वहिनी, मागे न बघता, स्वतःशीच बोलावं इतक्या हळू अहिराणीत म्हणाल्या, "मना माहेरनं पानी आठेलगून येस का?"

माहेरचं पाणी इथपर्यंत येतं का, एवढंच मला जेमतेम ऐकू आलं.

शिडाच्या पलीकडून दादाचा आवाज आला, "येस ना. म्हनीसन ते मी आठे येस."