बर्फाला हात लावायचा नाही

आई थकली तेव्हा दादरच्या मासळी बाजारातली तिची जागा मी घेतली. बरीच वर्षं चांगली गेली. मग एका थंडीत पापलेटं कापता कापता माझी बोटं खडूसारखी पांढरी पडली, थोड्या वेळाने निळी. आधी मुंग्या, मग आग. वरळीला घरी आल्यावर आईने ती आपल्या काखेत धरून ठेवली. गारठ्याने होतं, म्हणाली. पण उन्हाळ्यातही ते थांबलं नाही, आणि बोटांच्या टोकांना झालेल्या जखमा भरेनात.

परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावरची कातडी चिमटीत धरून पाहिली. ती उचललीच जाईना. हा आजार फार थोड्यांना होतो, त्यांनी समजावलं. रक्तवाहिन्या आक्रसतात, कातडी कडक होत जाते. गोळ्यांनी आवरता येतो, जात नाही.

"आणि बर्फाला हात लावायचा नाही."

"बाई, आम्ही मासळी विकतो," आई एवढंच म्हणाली.

हातमोजे घालून पाहिले. आत लोकरीचे, वर रबरी. मासा निसटायचा, कोयता नीट धरवायचा नाही. एकदा तो बोटावर आला, तेव्हा भावाने माझं बाजारात जाणं बंद केलं. जागेवर वहिनी बसू लागली. पहिल्या दिवशी आई तिला सोबत घेऊन गेली आणि मी दार लोटून घरात बसले. हातांना मासळीचा वास नव्हता. तो नसणं मला सहन होईना.

पुढे चेहराही आवळत गेला. नाक बारीक झालं, ओठ पातळ झाले, तोंड पुरतं उघडेना. आई माशाचे काटे काढून लहान लहान घास भरवायची. भरवताना माझ्या तोंडाकडे बघायची नाही.

आई गेली त्यानंतरची गोष्ट. वहिनी डबा विसरली म्हणून मी तो घेऊन बाजारात गेले. माझ्याकडून कायम सुरमई नेणाऱ्या काकू समोर उभ्या होत्या. मला वाट द्यायला त्या बाजूला सरकल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "तुझी नणंद दिसत नाही गं हल्ली. किती हसायची."

वहिनीचा हात थांबला. ती काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "घरी असते ती. बरी आहे."

"सांगा तिला, आठवण काढली म्हणून."

सांगते, म्हटलं.