तहानलेलं जनावर लढत नाही

सोलापुरातल्या नवी पेठेजवळच्या एका संस्थेने महाविद्यालयीन मुलांसाठी कथाकथनाची स्पर्धा घेतली. विषय होता, अद्भुत प्राण्यांना शिकवून लढवणाऱ्या जगातला प्रवासी. पहिल्या क्रमांकाला पुण्यातल्या लेखन शिबिराची एकच जागा. आम्ही तीन परीक्षक होतो. मी निवृत्त ग्रंथपाल. दुसरे एक प्राध्यापक, ते शेजारी बसून सगळा वेळ फोनमध्येच होते. तिसरे संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या सत्काराची शाल टेबलावर घडी घालून ठेवली होती आणि स्पर्धा संपण्याची वाट पाहत होती.

सोळा कथा ऐकल्या. पंधरांतले नायक घरातून निघाले ते पाण्याची बाटलीही न घेता. तीन वाक्यांत वाळवंट, चौथ्यात बर्फ. खिशात सहा राक्षसी प्राणी. त्यातला एकही खात नाही, शेण टाकत नाही, लंगडत नाही. सोलापुरात एप्रिलमध्ये भर दुपारी स्टँडपर्यंत चालत गेलेल्या माणसाला हे कसं सुचतं, देव जाणे. अध्यक्ष प्रत्येक लढाईला मान डोलावत होते.

सोळावी मुलगी वळसंग गावची. तिच्या प्रवाशिणीला पाठीवर जाळ असलेलं एक पिल्लू मिळतं. पहिले दोन दिवस ते परक्या गावचं पाणी तोंडात घेत नाही. ती पाण्यात गूळ कालवून पाहते. दोरीने त्याची मान सोलवटते, तेव्हा ती फडकं गुंडाळते. पिल्लू कुणाचं ऐकेना, म्हणून ती त्याला एका म्हाताऱ्या, शांत प्राण्याच्या शेजारी बांधते. नवा गोऱ्हा जुंपताना जुन्या बैलाची जोड देतात, तसं. सकाळी चालायचं, उन्हात झाडाखाली बसायचं. कथा संपते तेव्हा पिल्लू एवढंच शिकलेलं असतं की हाक मारली की थांबायचं. मला वाटलं, या जगात मी चार दिवस जिवंत राहीन.

अध्यक्षांनी विचारलं, "छान आहे, पण यात लढाई कुठे आहे?"

"तान्हेलं जनावर लढत न्हाय, सर. बसतंय."

मागून कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "कल्पनाशक्ती कमी पडली," ते आमच्याकडे झुकून म्हणाले. पाठीवरचा जाळ बहुधा त्यांनी रोजच्या व्यवहारात पाहिला असावा.

मी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले होते, त्या दोघांनी सगळ्यांत कमी. मी वाद घालायला तोंड उघडलं, तोच निकालपत्र समोर आलं. त्यावर 'परीक्षकांनी एकमताने' असं आधीच छापलेलं होतं. "आमच्याकडे निकाल एकमतानेच लागतो, सर," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. पाहुणे खोळंबले होते, चहा आला होता. मी सही केली. आयुष्यभर पुस्तकांत भित्र्या माणसांना नावं ठेवत आलो, आणि स्वतःची सही करायला मला अर्धा कप चहासुद्धा लागला नाही.

शिबिराची जागा सहा राक्षस खिशात घालणाऱ्या एका मुलाला मिळाली. अध्यक्षांना शाल मिळाली.

फाटकाशी ती मुलगी उभी होती. "सर, कुटं चुकलं माझं?"

"कुठंच नाही. तुझीच कथा पहिली होती."

"मग तितं का न्हाय बोलला? पैला नंबर आला तरच पुण्याला धाडतो, म्हणलेत की घरी अण्णा." ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. मग म्हशीच्या धारेची वेळ झाली म्हणून स्टँडकडे निघून गेली.

मी परत वर गेलो. हॉलमध्ये खुर्च्या आवरत होते. संस्थेच्या लिपिकाकडे निकालपत्र मागितलं.

"कशाला, सर?"

"माझी सही खोडायची आहे."

"अशी खोडता येत नाही. नवीन कागद करावा लागंल, तिघांच्या सह्या परत घ्याव्या लागतील. साहेब आत जेवायला बसलेत."

"जेवू देत," मी म्हटलं आणि आवरायला राहिलेल्या एका खुर्चीवर बसलो.